डबे दुकानात परत करा, रक्कम चालू ठेवा

पत्र: "मी निवृत्त शिक्षिका आहे. संकटातल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेला दरमहा ठरावीक रक्कम देते. मुलगा म्हणतो, 'आई, तू त्यांच्या गाड्यांत पेट्रोल भरतेस, बाकी काही नाही.' आम्ही मैत्रिणींनी युद्धातल्या मुलांसाठी कपडे, खेळणी आणि तान्ह्या बाळांच्या दूध-पावडरचे डबे जमवलेत. ते कुठे पाठवायचे कळत नाही. माझ्या धाकट्या बहिणीला मूल नाही. टीव्हीवर ती पोरं पाहिल्यापासून तिथलं एखादं अनाथ लेकरू घरी आणायचं तिने मनात घेतलंय. आणि खरं खरं सांगा, या मदतीने त्या बायकापोरांच्या आयुष्यात नक्की काय बदलतं? की आपलंच मन शांत होतं?"

नमस्कार बाई,

डब्यांपासून सुरुवात करते, कारण ते अजून घरात आहेत आणि हलायच्या आत थांबवता येतील. दूध-पावडर कुठेही पाठवू नका. मैत्रिणी हिरमुसतील, पण कारण ऐकून घ्या. पावडर कालवायला स्वच्छ पाणी लागतं, ते उकळायला जळण लागतं, बाटली आणि बूच धुवायला पुन्हा पाणी. छावणीत नेमकी याच गोष्टींची मारामार असते. मे २००६मध्ये इंडोनेशियात योग्यकर्ता भागात भूकंप झाला, तेव्हा अशी पावडर सढळ हाताने वाटली गेली. नंतर घरोघर पाहणी झाली. ज्या लहानग्यांना वाटपातली पावडर मिळाली होती, त्यांच्यात जुलाबाचं प्रमाण साधारण २५ टक्के निघालं. ज्यांना मिळाली नव्हती, त्यांच्यात १२ टक्क्यांच्या आसपास. पाठवणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात वाईट नव्हतं.

एवढ्या धक्क्याने आईचं दूध आटलं असेल, ही समजूतही या डब्यांमागे असते. धक्क्याने दूध उतरायला वेळ लागतो, पण ते आटत नाही. बाळाला पुन्हा पुन्हा अंगावर घेतलं की उतरतं. आई अर्धपोटी असली तरी पाजू शकते. म्हणून जाणत्या संस्था आधी आईला खाऊ घालतात, तिला आडोसा करून देतात आणि शेजारी बसून धीर देणारी एखादी अनुभवी बाई नेमतात. ज्या बाळाला खरोखरच आई उरली नाही, त्याला पावडर मिळते. ती परिचारिकेच्या देखरेखीखाली, पाण्या-जळणाच्या सोयीसकट, आणि बाटलीऐवजी कपाने पाजायला शिकवून. कुठून कुठून आलेले डबे वाटले गेले की ही सगळी घडी विस्कटते.

कपडे-खेळण्यांचंही तसंच. बोस्नियाच्या युद्धात, १९९२ ते १९९६ या काळात, जगभरातून औषधं आली. त्यांतली सुमारे १७,००० टन मुदत संपलेली किंवा निरुपयोगी होती. ती साठवायला जागा, निवडायला माणसं आणि शेवटी नष्ट करायला खर्च, हे सगळं युद्धात होरपळणाऱ्या देशाच्याच गळ्यात पडलं. औषधांची ही तऱ्हा, तर मापाचा पत्ता नसलेल्या फ्रॉकची काय सांगावी? कपडे द्यायचेच असतील तर ज्याला 'तुला कुठलं माप होतं' असं विचारता येईल, अशा जवळच्या माणसाला द्या. बाकीचं विका. डबे दुकानदार परत घेत असेल तर त्याला परत द्या, आणि येतील ते पैसे पाठवा.

आता तुमच्या चिरंजीवांचं पेट्रोल. ते लागतंच. कशासाठी लागतं ते सांगते.

तीव्र कुपोषित मूल म्हणजे नुसतं उपाशी मूल नव्हे. त्याची भूकच मेलेली असते, शरीर आतून मंदावलेलं असतं आणि एकदम पोटभर जेवू घातलं तर ते दगावूही शकतं. पूर्वी त्याच्यावर उपचार म्हणजे दवाखान्यात ठेवून ठरावीक तासांनी खास तयार केलेलं दूध पाजायचं. हेही दूध पाण्यात कालवायचं, त्यामुळे ते घरी देण्याची सोय नव्हती. आईने आठवडेच्या आठवडे मुलाजवळ राहायचं. घरी बाकीची पोरं, शेत, पाण्याच्या खेपा, कदाचित आजारी सासू. कितीतरी आया आल्याच नाहीत, कितीतरी अर्ध्यावर मूल उचलून घेऊन गेल्या. त्यांना अडाणी ठरवणं सोपं होतं. खरं तर एका मुलासाठी बाकीच्या तिघांना वाऱ्यावर सोडायचं का, असा पेच आपणच त्यांच्यापुढे टाकला होता.

१९९६च्या सुमारास आंद्रे ब्रियां हे फ्रेंच बालपोषणतज्ज्ञ आणि मिशेल लेस्कान हे उत्पादक यांनी त्याच दुधातले घटक शेंगदाण्याच्या मऊ वाटणात मिसळले. शेंगदाणे, दूध-पावडर, तेल, साखर, जीवनसत्त्वं आणि क्षार. ९२ ग्रॅमची पुडी, तिच्यात ५०० कॅलरी. पाणी घालायचं नाही, शिजवायचं नाही, फ्रिज लागत नाही. पुडीचं तोंड फाडायचं आणि मूल चोखत खातं. पाण्याचा अंशच नसल्याने जंतूही सहजासहजी वाढत नाहीत. इथिओपिया, मलावी अशा देशांत घरच्या घरी उपचार करून पाहिले गेले, आणि २००७मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांनी मिळून मान्य केलं की दुसरा काही आजार नसलेल्या तीव्र कुपोषित मुलाला दवाखान्यात ठेवायची गरज नाही.

प्रत्यक्षात हे कसं चालतं? सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळतात. दंडघेर ११५ मिलिमीटरच्या खाली असला तर पट्टी लाल, ११५ ते १२५ असला तर पिवळी, त्याहून जास्त असला तर हिरवी. लाल आली की मुलाला तिथेच पुडी देऊन पाहतात. खाल्ली, ताप नाही, पायांवर सूज नाही, तर आठवड्याच्या पुड्या आईच्या पदरात आणि ती घरी. खाल्ली नाही किंवा सूज असली तर दवाखाना. दर आठवड्याला वजन, साधारण सहा ते आठ आठवड्यांत मूल उभं राहतं. आता बऱ्याच ठिकाणी ही पट्टी आयांच्याच हातात देतात. मूल रोज जवळ असणारी तीच, तेव्हा दंड बारीक होत चाललाय हे सगळ्यांत आधी तिलाच कळणार. कौतुक पुडीचं होतं. मला विचाराल तर मोठी गोष्ट ही, की आईला घर सोडावं लागेनासं झालं.

अशीच गोष्ट त्याआधी पंचवीस वर्षांपूर्वी घडली होती. १९७१मध्ये बांगलादेशातून लाखो निर्वासित भारतात आले आणि पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ पसरली. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खायच्या सोड्याचं पाणी पिंपांत तयार करून ठेवलं आणि रुग्णांना पाजायला त्यांच्या नातेवाइकांनाच सांगितलं. अशा साथीत शंभरांतली तीसेक माणसं जात होती, तिथे हे प्रमाण चारच्या खाली आलं. आज आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो ती जगभर रुजायला या छावणीचा मोठा हात आहे. ते पाणी पाजायला डॉक्टर पुरले नसते. आया, भाऊ, नवरे पाजत बसले म्हणून भागलं.

आता पेट्रोल. त्या पुड्या कारखान्यात बनतात, जहाजाने बंदरात, तिथून गोदामात, गोदामातून ट्रकने आणि रस्ता संपला की गाढवाच्या पाठीवरून किंवा माणसाच्या डोक्यावरून वस्तीवर पोचतात. मधली एक कडी तीन आठवडे तुटली की अर्धवट बरं झालेलं मूल पुन्हा लाल पट्टीवर येतं. गोदामाचा कारकून, ट्रकचा ड्रायव्हर, हिशेब ठेवणारी मुलगी यांचे फोटो माहितीपत्रकात येत नाहीत, आणि त्यांचा पगार 'प्रशासकीय खर्च' म्हणून हिणवला जातो. हा खर्च टक्क्यांत मोजून संस्थेची परीक्षा करू नका. ज्या संस्थेला गोदामावर पैसे खर्च करायची लाज वाटते, तिच्या पुड्या उन्हात पडून राहतात.

तुम्ही बायकांबद्दल विचारलंत. तिथे मात्र मदतीचा इतिहास नेहमीच अभिमानाने सांगावा असा नाही. जुलै १९९४मध्ये, रवांडातल्या हत्याकांडानंतर, तिथून काही दिवसांत लाखो माणसं सीमेपलीकडे आजच्या काँगोतल्या गोमा इथे येऊन पडली. पहिल्या महिन्यातच सुमारे ५०,००० जण गेले, बहुतेक पटकी आणि हगवणीने. धान्य आलं, पण वाटप जुन्या गावप्रमुखांच्या हाती दिलं गेलं. ते आधी आपल्या माणसांना देत, आणि त्यांतले कित्येक तर हत्याकांडात सामील होते. तपासणी झाली तेव्हा दिसलं की ज्या घरांत कर्ता पुरुष नव्हता, बाईच घर चालवत होती, त्या घरांतली मुलं जास्त कुपोषित होती. धान्य छावणीत पोचलं होतं, कागदोपत्री हिशेबही लागत होता. ते रांगेतल्या शेवटच्या बाईपर्यंत जात नव्हतं.

त्या अनुभवानंतर १९९७मध्ये मदतसंस्थांनी एकत्र येऊन 'स्फिअर' नावाने किमान निकष लिहायला घेतले. वाचायला ते अगदी रूक्ष वाटतात. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी. पाण्याची जागा ५०० मीटरच्या आत. वीस माणसांमागे एक शौचालय, आणि सार्वजनिक शौचालयं असतील तिथे पुरुषांच्या एकामागे बायकांची तीन. दाराला आतून कडी. रस्त्यावर उजेड. या आतल्या कडीवर मी हवं तर अख्खा लेख लिहीन. कडी नसेल तर मुली रात्री जात नाहीत, जावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत, आणि गेल्याच तर कुणीतरी टपून बसलेला असतो. जळणाचंही तेच. सुदानच्या दार्फूरमध्ये छावणीबाहेर लाकूडफाटा आणायला गेलेल्या बायकांवर हल्ले होत. घरातले पुरुष गेले तर मारले जातील म्हणून बायका जात. कमी जळण लागणारी चूल आणि फाटा आणायच्या वाटेवर गस्त, एवढ्याने धोका संपला नाही, पण खेपा कमी झाल्या. बायकांना मदत म्हणजे त्यांच्यासाठी वेगळं शिलाई मशीन, असं अजूनही अनेकांना वाटतं. त्याआधी दाराला कडी हवी.

बाळंतपणं युद्धासाठी थांबत नाहीत. विस्थापित वस्तीत कुठल्याही क्षणी लोकसंख्येच्या साधारण ४ टक्के बायका गरोदर असतील असं धरून तयारी करतात, आणि त्यांतल्या १५ टक्क्यांच्या आसपास बायकांना गुंतागुंत होईल असंही. गुंतागुंत होण्याआधी त्या ओळखता येत नाहीत. म्हणून पहिल्या काही दिवसांतच करायची किमान कामं ठरलेली आहेत: सुईण किंवा परिचारिका, अडलेल्या बाईला मोठ्या दवाखान्यात न्यायला रात्रंदिवस गाडी (पुन्हा पेट्रोल!), गर्भनिरोधकं, आणि जिच्यावर अत्याचार झालाय तिला ७२ तासांच्या आत एचआयव्ही रोखणारी औषधं. दवाखान्यापर्यंत पोचताच येणार नाही अशा बाईला एक छोटी पिशवी देतात: अंथरायला स्वच्छ प्लास्टिक, साबण, नाळ कापायला नवं पातं, बांधायला दोरा. तिची किंमत अगदी मामुली, पण त्यातल्या पात्यामुळे बाळाचा धनुर्वात टळतो.

ही सगळी कामं करायला बायकाच लागतात. डिसेंबर २०२२मध्ये अफगाणिस्तानात तालिबान सरकारने स्वयंसेवी संस्थांत बायकांना काम करायला बंदी केली, तेव्हा अनेक मोठ्या संस्थांना काम थांबवावं लागलं. परका पुरुष तिथल्या घरात जाऊन बाळंतिणीची चौकशी करूच शकत नाही. औषधं होती, पैसे होते, पण उंबरठा ओलांडणारं माणूस काढून घेतलं होतं.

सरळ रोख पैसे देण्याची पद्धत आता बरीच रुजली आहे, आणि तुमच्या मुलाला ती आवडेल. २०१३-१४च्या हिवाळ्यात लेबनॉनमधल्या सीरियन निर्वासित कुटुंबांना एटीएम कार्डं दिली गेली. पैसे थंडीपासून बचावासाठी दिले होते. लोकांनी त्यातले बरेच अन्नपाण्यावर खर्चले, कारण त्यांची पहिली नड ती होती. पुरुष दारूत उडवतील ही भीती होती, पाहणीत तसा काही पुरावा सापडला नाही. दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे तिथल्या अर्थव्यवस्थेत दोन डॉलरहून थोडी जास्त भर पडली, म्हणजे ज्या दुकानदारांच्या गावात हे लोक येऊन राहिले त्यांनाही काही मिळालं. अर्थात बाजारात विकायलाच काही नसेल, वेढा पडलेला असेल, तर नोटा खाता येत नाहीत. तिथे धान्यच न्यावं लागतं. पण जिथे दुकान उघडं आहे तिथे आज मीठ घ्यायचं, की मुलीची चप्पल, की भाडं, हे ज्या बाईला आपण कधी भेटलो नाही तिच्याऐवजी आपण का ठरवावं?

संस्थांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, या एका बाबतीत मुलगा बरोबर आहे, आणि तिथे त्याला गप्प बसवू नका. २००२मध्ये संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था आणि 'सेव्ह द चिल्ड्रन' यांनी गिनी, लायबेरिया, सिएरा लिओन या देशांतल्या छावण्यांबद्दल अहवाल दिला. धान्याच्या बदल्यात मुलींकडून शरीरसुख मागितलं जातं, आणि मागणाऱ्यांत मदतसंस्थांचेच लोक आहेत, असं त्यात निघालं. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी कडक नियम केले. पण ज्याच्या हातात वाटप त्याच्या हातात सत्ता, हे संस्था बदलली म्हणून बदलत नाही. तेव्हा तुमच्या संस्थेला विचारा: तुमच्या माणसाविरुद्ध तक्रार करायची तर छावणीतल्या बाईने कुठे जायचं? गेल्या वर्षी किती तक्रारी आल्या, त्यांचं काय केलंत? 'आमच्याकडे एकही तक्रार नाही' असं उत्तर आलं तर मी सावध होईन. जिथे तक्रार करायची वाट खरोखर खुली असते, तिथे तक्रारी येतातच.

दुसरी तक्रार तो करत नाही, पण त्याने करावी. पैसा उशिरा येतो. सोमालियात दुष्काळ येतोय हे महिनोन्महिने सांगितलं जात होतं. दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला २० जुलै २०११ला, मग फोटो आले, मग पैसे आले. त्या संकटात सुमारे २,५८,००० माणसं गेली, त्यांतली निम्म्याहून जास्त पाच वर्षांखालची मुलं. साधारण निम्मे मृत्यू ती घोषणा होण्याआधीचे. फोटो पाहून दिलेला पैसा बहुधा असाच मागून धावतो. म्हणून तुमची दरमहाची रक्कम, दिसायला लहान असली तरी, एखाद्या हेलावून टाकणाऱ्या संध्याकाळी दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा कामाची. तिच्या भरवशावर संस्था आधीच गोदाम भरून ठेवू शकते. फॉर्मवर देश निवडायला सांगितला असेल तर निवडू नका, 'जिथे गरज असेल तिथे' यावर खूण करा. बातम्यांत असलेल्या देशाला तसेही पैसे मिळतात.

आणखी एक विचारा: तिथल्या स्थानिक गटांना तुम्ही किती देता, आणि थेट देता का? २०१६मध्ये मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी ठरवलं होतं की मदतीचा चौथा हिस्सा शक्य तितका थेट स्थानिक संस्थांकडे द्यायचा. अजून ते त्याच्या जवळपासही नाहीत. सुदानमध्ये एप्रिल २०२३ला युद्ध पेटल्यावर परदेशी कर्मचाऱ्यांना बाहेर पडावं लागलं. मागे राहिलेल्या तरुणांनी आणि बायकांनी आळी-आळीत मदतगट उभे केले, सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली, गोळीबारातून माणसं दवाखान्यात नेली. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा त्यांतली शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली. मदतीचं काम करताना २०२४मध्ये जगभरात ३८०हून जास्त जण मारले गेले, हा तोवरचा उच्चांक, आणि त्यांतले बहुतेक त्याच देशातले होते. जाकीट घातलेला गोरा माणूस आपल्याला दिसतो, पण हे काम मुख्यतः शेजारीच करतात. निर्वासितांना आसरा देणारे देशही बहुतांश गरीब किंवा मध्यम उत्पन्नाचे आहेत. २०२४च्या अखेरीस जगात १२ कोटींहून जास्त लोक युद्ध आणि छळामुळे घर सोडून राहत होते, त्यांतली ४० टक्के मुलं. त्यांतल्या लाखो कुटुंबांना पहिलं छप्पर मिळालं ते कुणा अनोळखी कुटुंबाच्या खोलीत.

तुम्ही खरं खरं सांगा म्हणालात. मदतीने युद्ध थांबत नाही. बंद झालेली शाळा एका तंबूने भरून निघत नाही, आणि ज्यांना वाटलं होतं की महिनाभराने घरी जाऊ त्यांतल्या अनेकांची मुलं छावणीतच लहानाची मोठी होतात. लाल पट्टीवरचं मूल हिरव्यावर येतं, ही मात्र मोजून दाखवता येणारी गोष्ट आहे. राहता राहिलं आपल्या मनाचं. ते शांत झालं तर होऊ द्या की! त्याने पुड्या कमी होत नाहीत.

आता बहिणीबद्दल. हे तिला तुम्ही जवळ बसवून सांगा, मोबाइलवर पाठवू नका.

युद्धात किंवा भूकंपात एकटं सापडलेलं मूल अनाथच असतं असं नाही. बहुतेकदा त्याचं कुणीतरी असतं: दुसऱ्या छावणीत गेलेली आई, जखमी होऊन दवाखान्यात पडलेला बाप, सीमेपलीकडची आजी. म्हणून या कामातले लोक 'अनाथ' म्हणायची घाई करत नाहीत, 'ताटातूट झालेलं मूल' म्हणतात, आणि शोध सुरू करतात. २०१०मध्ये हैतीत भूकंप झाल्यावर काही परदेशी धर्मसेवक ३३ मुलांना 'अनाथ' म्हणून सीमेपार नेत असताना पकडले गेले. चौकशीत निघालं की त्यांतल्या बहुतेक मुलांचे आई-वडील किंवा दोघांपैकी एक जिवंत होते. परिस्थितीने पिचलेल्या आईबापांनी, तिथे मुलाला शाळा मिळेल, पोटभर अन्न मिळेल, या आशेवर ती सोपवली होती. नेणाऱ्यांना वाटत होतं आपण पुण्यकर्म करतोय. ज्या मुलाने घर, गाव, भाषा सगळं गमावलंय, त्याचं उरलेलं एक माणूसही आपण त्याच्यापासून कायमचं तोडू शकतो. कागदपत्रं जळालेली असताना, कचेऱ्या बंद असताना ती चूक दुरुस्तही होत नाही. म्हणूनच संकट चालू असताना परदेशात दत्तक देणं थांबवावं, आधी नातेवाइकांचा शोध घ्यावा, असं मुलांसाठी काम करणाऱ्या सगळ्या जबाबदार संस्था सांगतात. परदेशी दत्तकाविषयीच्या १९९३च्या हेग करारातही मुलाला आधी त्याच्याच कुटुंबात, मग त्याच्याच देशात घर मिळावं आणि परदेश त्यानंतर, हा क्रम आहे.

शोध घेतात कसा? रवांडाच्या हत्याकांडानंतर हजारो मुलं एकटी सापडली. त्यांतली काही इतकी लहान की स्वतःचं नावही सांगता येईना. युनिसेफ आणि रेड क्रॉसने त्यांचे फोटो काढून छावण्या-छावण्यांतून फलकांवर लावले. लोक येऊन निरखून पाहत, आणि कुणीतरी म्हणे, हा माझ्या भावाचा. लगेच मूल हवाली करत नाहीत. पडताळून पाहतात, मुलाला विचारतात, तयारी करून घेतात. तोवर मूल शक्यतो त्याच्याच वस्तीतल्या एखाद्या कुटुंबात राहतं, कारण मोठ्या अनाथाश्रमात ठेवलं की आश्रमाच्या जेवणासाठी आणखी आईबाप आपली मुलं तिथे आणून सोडतात. हे काम वर्षानुवर्षं चालतं आणि त्याला देणगीदार मिळत नाहीत, कारण त्याचा एकच एक असा फोटो नसतो. बहिणीच्या मनात त्या मुलांसाठी काही करायचं असेल तर तिने यासाठी पैसे द्यावेत.

आणि तिला आई व्हायचं असेल, तर ती वेगळी इच्छा आहे आणि तिच्यात काही गैर नाही. ती तिने युद्धाच्या बातम्यांपासून बाजूला काढून पाहावी. आपल्या देशातल्या कायदेशीर दत्तक यंत्रणेकडे जावं, रांगेत नाव घालावं, समुपदेशकाशी मोकळेपणी बोलावं. वेळ लागेल. घरच्यांना काय सांगायचं, वय आड येतं का, नवऱ्याचं मन वळलं नाही तर काय, हे प्रश्न तिच्यापाशी असणारच. तुमच्या पत्राआड न लपता तिला स्वतःच मला लिहू दे. नाव छापलं जाणार नाही.